मी वाचलेला शिलालेख

सरांनी अख्ख्या प्रकरणात एकाच वाक्याखाली लाल रेघ मारली होती. पानभर चुका निघाल्या असत्या तर मला इतकं लागलं नसतं. शुद्धलेखनाच्या चुका मी बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या काढल्या, माझ्या कुणी काढल्या तर हिशेब फिटला म्हणायचं. पण वाक्य होतं ते हे: ‘सदर वीरगळावर तीन ओळींचा शिलालेख असून त्याचा आशय स्थानिक परंपरेत सुरक्षित आहे.’ आणि बाजूला समासात दोनच शब्द, ‘कोणी पाहिला?’

“मी पाहिला,” मी म्हणाले.

“कधी, काकू?”

“लग्नाच्या वर्षी.”

सर पस्तिशीचे. चुडाव्याहून रोज रेल्वेनं परभणीला येतात आणि गाडी उशिरा आली की पहिल्या तासाला आम्ही विद्यार्थी एकमेकांची तोंडं पाहत बसतो. माझ्या धाकट्या लेकाहून लहान आहेत, म्हणून ते मला काकू म्हणतात आणि मी त्यांना सर. त्यांनी चष्मा काढून पुसला. “म्हणजे सेहेचाळीस वर्षांपूर्वी. आता का दिसत नाही?”

“आता वर शेंदूर आहे.”

“किती?”

मी चार बोटं जोडून दाखवली. त्यातला थोडाफार शेंदूर मीच दर सणाला तेलात कालवून थापलेला आहे, हे मात्र सांगितलं नाही. विचारलं नव्हतं त्यांनी.

मध्ययुगीन इतिहासात एम.ए. करायचं माझ्या डोक्यात कुठून आलं, असं घरात सगळ्यांनी विचारून झालंय. निवृत्त झाल्यावर बायका तीर्थयात्रेला जातात, गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतात. मी अर्ज भरला. आयुष्यभर चौथीच्या पोरांना इतिहास शिकवला, तो असा की हातात छडी आणि तोंडात पाठ असलेली वाक्यं. राजा शूर होता. प्रजा सुखी होती. शत्रू कपटी होता. आता पासष्टाव्या वर्षी कळतंय की प्रजा सुखी होती हे कुणी लिहिलं, त्याला पगार कोण देत होतं, हे आधी विचारायचं असतं. एकेक पुस्तक उघडलं की माझी एकेक वर्गखोली कोसळते. यादवांच्या काळात सरंजामशाही होती की नव्हती, यावर मोठमोठे विद्वान पाचशे-पाचशे पानं भांडतात, आणि शेवटी म्हणतात अधिक संशोधनाची गरज आहे. अरे, मग मी वाचलं कशाला. अर्धी पुस्तकं इंग्रजीत, उरलेली अशा मराठीत की इंग्रजी बरी. बाकावर तीन तास बसून पेपर लिहिला की पाय माझे राहत नाहीत. नात म्हणते, “आजी, सोड ना.” सोडलं असतं, पण तीन सत्रं झाली होती आणि लघुप्रबंध तेवढा राहिला होता.

विषय निवडतानाच मी शहाणपणा केला. आमच्या जिल्ह्यात मंदिरावर लिहायचं म्हणजे चारठाणा, आणि दर वर्षी दोघं-तिघं तिथंच जाऊन तेच खांब मोजतात. मला वेगळं हवं होतं. माझं सासर जिंतूर तालुक्यातच, चारठाण्याच्या अलीकडं. गावच्या वेशीवर लिंबाखाली एक दगड उभा आहे. गाव त्याला वेशीवरचा बाबा म्हणतं. तो वीरगळ आहे हे मला दुसऱ्या सत्रात कळलं. लढाईत मेलेल्या माणसासाठी असा दगड उभारत. खाली त्याची झुंज कोरायची, मध्ये अप्सरा त्याला वर नेताना, त्याच्यावर तो पिंडीपुढं हात जोडून बसलेला, आणि शेंड्याला चंद्र-सूर्य. हे सगळं शेंदराखाली आहे. बाहेरून बघाल तर बाबा म्हणजे केशरी भोपळा, त्याला दोन चांदीचे डोळे.

शेंदूर खरवडायचा नसतो. कवच बाबा स्वतः टाकतो, पिढीतून एखाद्या वेळी, सापानं कात टाकावी तसं. सकाळी कुणाला तरी दिसतं की कवच सुटलंय. मग ते टोपलीत भरून नदीला पोचवायचं, बाबाला आंघोळ घालायची आणि सूर्य मावळायच्या आत नवा शेंदूर चढवायचा. म्हणजे दगड उघडा असतो तो एक दिवस. मागचा दिवस माझ्या लग्नानंतर पंधराव्या दिवशी आला, आणि मी तिथं होते. आजच्या विद्वानांत असं सांगू शकणारी मी एकटी. सरांना मी हेच ऐकवलं.

“काकू, तुम्ही साक्षीदार आहात. साक्षीदाराला तपासावं लागतं,” सर म्हणाले. “गावात इतर कुणाला तो मजकूर माहीत आहे का? मुलाखती घ्या. स्वतंत्रपणे चार-पाच जण एकच सांगत असतील तर मग बघू.”

मुलाखती घ्यायला जाण्याआधी मी एक उद्योग केला, तोही सांगून टाकते. दुपारी वेशीवर कुणी नसताना क्रोशाची सुई घेऊन गेले आणि बाबाच्या बगलेत हळूच टोचून पाहिली. शेंदूर किती खोल आहे ते मोजायचं होतं, असं मी मनाला सांगितलं. सुई निम्मी आत गेली तेवढ्यात मागून सायकलवरून आवाज आला, “काय करायल्या बाई?” मी म्हणाले, मुंगळा होता. बत्तीस वर्षं पोरांना खोटं बोलू नये हे शिकवलं, ती मी.

तर मुलाखती. पाच म्हाताऱ्या गाठल्या, पाची जणी सत्तरीच्या आसपास, एकीलाही अक्षरओळख नाही. फोन समोर ठेवायचा, चालू करायचा, विचारायचं, “बाबाच्या दगडावर काय लिहिलंय?” आणि पाची जणींनी तेच सांगितलं. बाबा गावच्या गाई वळवायला गेला. लुटारू लय होते, हा एकला. अंगावर अकरा वार घेतले, पाठीवर एक बी न्हाई. रणांगणी देह ठिवला. तेवढ्यात त्याची बहीण सासरहून दूध-भाकरी घेऊन आली होती, ती तशीच राहिली. म्हणून दर वर्षी चैत्रात गावच्या लेकी माहेरी येतात आणि बाबापुढं दूध-भाकरी ठेवतात. तीन दिवस राहतात. तेवढे तीन दिवस त्यांना कुणी रानात धाडत नाही.

मी हरखले. घरी येऊन रात्री जेवलेसुद्धा नीट नाही. ज्या बाईनं कधी पाटी धरली नाही तिच्या तोंडी ‘रणांगणी देह ठेवला’ असे शब्द येतात, याचा अर्थ काय? याचा अर्थ मूळ लेख. जुन्या लेखाची भाषा तोंडातोंडी जशीच्या तशी उतरली. मी त्यावर सहा पानं लिहिली. ‘निरक्षर स्त्रियांच्या मौखिक परंपरेत टिकून राहिलेले शिलालेखीय भाषेचे अवशेष’ असं उपशीर्षक दिलं. 

नातीनं टंकलेखन करताना म्हटलंही, “आजी, ह्या सगळ्या सेम टू सेम बोलतायत. पाठांतर केल्यासारखं.”

“यालाच परंपरा म्हणतात,” मी म्हणाले.

सहावी मुलाखत माझ्या थोरल्या जावेची राहिली होती. मीच लांबवली होती. अक्का आता पंचाहत्तरीच्या. आमचं कधी भांडण झालं नाही आणि कधी पटलंही नाही. मी मास्तरीण झाले, परभणीला राहिले, सणाला गावी गेले. त्या तिथंच राहिल्या. मला त्या मास्तरीणबाई म्हणतात, आणि त्या शब्दात किती मीठ घालायचं ते त्यांच्या त्या दिवशीच्या मर्जीवर असतं. पण पाचापेक्षा सहा बरे, म्हणून गेले. त्या ओसरीत सुपात तूर निवडत होत्या. मी फोन ठेवला.

“चालू केलंस का ते?” अक्कांनी विचारलं.

“हो.”

“मंग चालू ठिवून सांगू का बंद करून?”

“चालूच असू द्या. बाबाच्या दगडावर काय लिहिलंय?”

“मला काय माहीत? तूच वाचून दाखिवलंस की.”

“वाचून दाखवलं म्हणजे होतं ते वाचलं.”

अक्कांनी सुपातून एक खडा काढून अंगणात फेकला. “तुझ्या बापाचा पांढरा बैल होता. तुझ्या लग्नात तुझी गाडी वढीत आला. त्येचं नाव काय गं?”

मी नाव सांगितलं. सांगितलं, आणि माझं मलाच ऐकू आलं.

ते नाव मी इथं लिहिणार नाही. दगडावरचं म्हणून मी वाचलेलं बाबाचं नाव तेच आहे. गावात त्या नावाची चार पोरं आहेत आणि एका ट्रॅक्टरवर ते रंगवलेलं आहे.

“फोन बंद करू का?” अक्का म्हणाल्या.

आता मला तो दिवस जसा होता तसा आठवायला लागला, आणि आठवला तो असा. लग्नाला पंधरा दिवस झालेले. न्यायला माझा भाऊ येणार होता, आठव्या दिवशी यायचा तो पंधराव्यालाही आला नव्हता. बाबानं कवच टाकलं म्हणून सगळ्या बायका वेशीवर गेल्या, सासूबाई मलाही घेऊन गेल्या. दगड ओला, काळा, आणि खाली तीन रेघा. अक्षरं असतील. असतील, मी आजही शपथेवर सांगते की असतील. पण त्यातलं एक अक्षरसुद्धा त्या पोरीला लागत नव्हतं. ती दहावी पास. अख्ख्या भावकीत दहावी पास झालेली एकटी सून, आणि हे ती पंधरा दिवसांत पंधरा जणींना ऐकवून चुकली होती. सासूबाई म्हणाल्या, “वाच गं, काय लिवलंय?”  आता ‘मला येत नाही’ हे तीन शब्द म्हणायला काय जात होतं? पण बाईसाहेबांनी पदर सारखा केला, खाली वाकल्या, रेघांवरून बोट फिरवलं आणि दहावीच्या पुस्तकातल्या भाषेत धडाधड वाचून दाखवलं. वार अकराच का, ते मला माहीत नाही. बैलाचं नाव का, तर दुसरं सुचलं नसेल. बहीण मात्र कुठून आली ते मला बरोबर माहीत आहे. एकटी होती ती, दुसरं काय. भाऊ यायचा राहिला, म्हणून तिनं दगडातल्या भावाकडं बहीण पाठवली.

आणि मग ते इतक्या वेळा सांगितलं, शाळेत पोरांना, बसमध्ये शेजारणीला, की मीच विसरून गेले. मला वाचल्याचं आठवत राहिलं. वाचता येत नव्हतं ते निघून गेलं.

“अक्का, तुमी तवाच का न्हाई बोललात?”

“बोलून काय करू? आत्याबाई इतक्या फुगल्या व्हत्या. देवाचं वाचनारी सून रानात कशाला, म्हनल्या. तुला परभणीला मास्तरकी शिकायला धाडली.” त्या सुपाकडंच बघत होत्या. “तुझ्या वाटनीचं खुरपनं माझ्याकडं आलं. तवा काय, दोघींचं एकटीनं केलं.”

 बत्तीस वर्षांची नोकरी, परभणीतलं घर, हा सगळा एम.ए.चा थाट, सगळ्याच्या बुडाशी तो बैल. अक्कांनी चहा ठेवला. साखर नेहमीपेक्षा जास्त घातली होती, की मला तसं लागलं, कोण जाणे.

पुढच्या आठवड्यात मी सरांना सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं, तर ते गंभीर झाले. सादर करायला महिना राहिला होता. एवढ्यात नवा विषय घ्यायचा म्हणजे सत्र गेलं, आणि सत्र गेलं की पुन्हा नोंदणी, पुन्हा सगळं.

“काकू, एक करू,” ते म्हणाले. “लेख आहे असं आपण ठाम म्हणायचं नाही. ‘स्थानिक परंपरेनुसार वीरगळावर लेख असल्याचे सांगितले जाते’ असं लिहा. मुलाखती आहेतच. चालून जातं.”

“पण सांगणारी मीच आहे.”

“परंपरा कुठून तरी सुरू होतेच. सगळे असंच लिहितात.”

सगळे असंच लिहितात, हे त्यांनी मला धीर द्यायला म्हटलं. मी मात्र घरी येऊन कपाटातली सगळी संदर्भपुस्तकं बघत बसले. ‘असे सांगितले जाते.’ ‘अशी आख्यायिका आहे.’ किती ठिकाणी होतं ते. प्रत्येक ठिकाणी कुठल्या तरी वेशीवर कुठली तरी एकोणीस वर्षांची पोरगी पदर सारखा करताना मला दिसायला लागली. माझा आता एकाही पुस्तकावर भरवसा राहिला नाही, आणि संदर्भसूचीत तीच पुस्तकं लिहायची होती.

‘स्थानिक परंपरेनुसार’ मी तीनदा टंकायला दिलं आणि तीनदा काढायला लावलं. चौथ्यांदा नातीनं लॅपटॉप मिटला.

तेवढ्यात चैत्र आला. मी ठरवलं, आधी गावात सांगायचं. दूध-भाकरीच्या दिवशी गेले. वेशीवर पन्नासेक बायका जमल्या होत्या, म्हाताऱ्या, सुना, माहेरी आलेल्या लेकी, कडेवर पोरं. बाबापुढं ताटल्यांची रांग. मी उभी राहिले आणि सांगितलं. वाचता आलं नव्हतं, मनानं सांगितलं होतं, चुकलं माझं.

 मग मी मुलाखत घेतलेल्यांपैकी एक म्हातारी म्हणाली, “बाई, तवा तुमचे डोळे चांगले व्हते. आता चष्मा हाय. तवाचं खरं.”

“डोळ्यांचं नाही हो. मला ते अक्षर येतच नव्हतं.”

“न येता इतकं फडाफडा कसं वाचलं मंग? आमी हितंच हुतो.”

“लय शिकलं की असं व्हतं,” दुसरी म्हणाली. “माझ्या भाच्याचं बी झालं. देव न्हाईच म्हनतो आता.”

मी अक्कांकडं पाहिलं. खरं तर पाहायचा मला हक्क नव्हता. पण अक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. “ती खरं बोलायली,” म्हणाल्या. “मला तवाच ठाव होतं.”

त्यावर मागून कुणीतरी खुसखुसलं. “जावाजावांचं काय, आयुष्यभर चालायचंच.”

सगळ्या हसल्या. सेहेचाळीस वर्षांत अक्का आणि मी पहिल्यांदा एका बाजूला उभ्या राहिलो, आणि ते भांडण म्हणून मोजलं गेलं.

मग माहेरी आलेली एक लेक पुढं आली. विशीतली असेल, हाताला अजून लग्नातला चुडा. ती हसत नव्हती. हळूच म्हणाली, “आजी, तुमी हे असं घरोघर सांगत फिरू नका. बाबाची भाकरी हाय म्हनून सासू तीन दिवस धाडती मला. न्हाई तर कोन धाडतंय?”

तिला मी काय सांगणार होते? साधनांची चिकित्सा? मी तिच्या ताटलीतली भाकरी बाबापुढं सरकवली आणि बाजूला झाले.

पंगत झाली, बायका पांगल्या. मी आणि अक्का पारावर बसलो. अक्का पाय दाबत होत्या. “तुझा त्यो अभ्यास आता?”

“बोंबलला.”

“काहून?”

“गाव मानायला तयार नाही आणि सर म्हणतात, लिहा तसंच. मी काय लिहू?”

“त्या दगडावर खरं काय हाय, ते लिव की.”

“ते कुणालाच माहीत नाही.”

“मंग माहीत न्हाई असं लिव,” अक्का म्हणाल्या. त्या उठून रिकाम्या ताटल्या गोळा करायला लागल्या. “त्येला काय एवढं.”

त्याला काय एवढं. बत्तीस वर्षं वर्गात उभी राहिले, पोरांनी काय काय विचारलं, पण हे वाक्य मी फळ्यासमोर एकदाही म्हटलेलं नाही. त्या पोरीला एकोणिसाव्या वर्षी जमलं नाही, आणि तिला हसणाऱ्या या म्हातारीलाही पासष्टाव्या वर्षी महिनाभर जमलं नव्हतं.

परत आल्यावर मी ती सहा पानं उपशीर्षकासकट फाडली. दगडाची जमिनीपासूनची उंची लिहिली, रुंदी लिहिली. शेंदराची जाडी लिहिली, ती कशानं मोजली तेही लिहिलं. मग स्वतःच्या अक्षरात लिहिलं की लेख आहे की नाही हे माहीत नाही, असल्यास त्यात काय आहे हे माहीत नाही, आणि गावात सांगितली जाणारी कथा प्रस्तुत विद्यार्थिनीनं नवी सून असताना रचलेली आहे. लेकींची भाकरी त्या कथेमुळं सुरू झाली, ती आजही चालू आहे आणि ती खरी आहे. एवढं झालं दीड पान.

सरांनी उभ्यानंच वाचलं. दोनदा वाचलं. या खेपेला लाल पेन काढलं नाही.

“ठीक आहे, काकू,” ते म्हणाले. “पण नियमानुसार प्रकरण किमान वीस पानांचं लागतं.”

“माहीत नाही, एवढंच सांगायला वीस पानं?”

“मी काय करू? नियम आहे.”

सत्र गेलंच. नोंदणीचा अर्ज पुन्हा भरला, फोटो नवा लागला, त्यात मी आणखी म्हातारी आलेय. टेबलावर कोरे कागद आहेत, नात आता टंकायला नाही म्हणते, आणि सकाळपासून मी चौथ्या पानावर अडून बसले आहे.